मावशीचा उजवा हात

२०२१ च्या संक्रांतीला मावशीच्या हातून हळदीकुंकवाचा करंडा पडला. सगळ्याजणी 'असू दे, असू दे' म्हणाल्या, पण तिचा चेहरा उतरला. त्याआधी कित्येक महिने तिच्या उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. मग तव्याचा चटका बसला तरी कळेना, ब्लाउजचे हूक लागेनात. कुणी म्हणाले मानेचा मणका, कुणी म्हणाले वय. मानेला पट्टा आला, तेलाच्या बाटल्या आल्या.

२००६ साली तिला उजव्या स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन झाले, मग छातीला, काखेला आणि कॉलर बोनच्या वर रेडिएशनचे शेक दिले गेले. हे तिने एकाही डॉक्टरांना सांगितले नाही. "बरी झाले ना मी? जुनी मढी कशाला उकरायची?" आम्हीही गप्प राहिलो. शिकलेली माणसे आम्ही!

शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टांनीच विचारले, "मावशी, कधी शेक घेतले होते का?"

मानेतून निघालेल्या नसांचे जाळे कॉलर बोनच्या मागून काखेत उतरते आणि हातात जाते. शेकांमुळे त्याभोवतीचा भाग हळूहळू निबर होतो, नसा आवळल्या जातात, त्यांचे रक्त कमी होते. हे काही महिन्यांनी होते, बऱ्याचदा काही वर्षांनी, कधी वीस वर्षांनीसुद्धा. मात्र रोग परतला असेल तरी हात असाच दुबळा होऊ शकतो. त्यात बहुधा वेदना फार असतात. शेकांच्या इजेत बधिरपणा आणि अशक्तपणा जास्त. एवढ्यावर भागत नाही, म्हणून एमआरआय. रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस घरात कुणी धड जेवले नाही. रोग नव्हता.

ब्रिटनमध्ये अशा इजा झालेल्या बायकांनी १९९१ साली 'रेज' नावाची संघटना काढून दाद मागितली होती. आता शेकांची आखणी पुष्कळ काटेकोर होते आणि ही इजा क्वचित दिसते. तेव्हा हे वाचून कुणी शेक टाळू नयेत. मावशी आज आहे ती त्या उपचारांमुळेच.

डॉक्टरांना डोस हवा होता: किती शेक, कुठे, किती मात्रेचे. फाइल? बरी झाल्यावर मावशीने 'इडापिडा टळो' म्हणत ती न्हाणीघरातल्या बंबात घातली होती. इस्पितळातही जुने कागद मिळाले नाहीत.

गेलेली ताकद परत आली नाही. व्यायामाने सांधे आखडत नाहीत, गोळ्यांनी रात्रीची झोप लागते, आणि चुलीजवळ ती आता डावा हात पुढे करते. कुंकू मात्र डाव्या हाताने लावायचे नाही, म्हणून दोन वर्षे ती हळदीकुंकवालाच गेली नाही. यंदा गेली. डाव्या हाताने उजवे मनगट धरून तिने कुंकू लावले, आणि कुणी विचारायच्या आत कारणही सांगितले.

आठवड्याने भजनी मंडळातल्या एक काकू आमच्याकडे आल्या. पिशवीत जुनी फाइल, लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. "बघ रे बाबा, काही कामाचं आहे का?" तिसऱ्या पानावर शेकांची संख्या आणि मात्रा, दोन्ही होते. मी दोन झेरॉक्स काढून आणल्या. एक त्यांच्या मुलाकडे द्यायला सांगितली.