*पीककर्ज : माफीची वाट बघू नका, मुदत गाठा*



मिरची-कापसाचा पैसा आला की बरेच जण म्हणतात, "माफी येईल, थांबू." माझं मत सरळ आहे, थांबू नका.

३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की सवलत गेली, खातं थकीत, नवीन कर्ज अडलं. मग बियाण्यासाठी सावकार. शेकडा ३ रुपये महिना म्हणजे ५० हजारांवर वर्षाला १८ हजार! बँकेच्या माफीत हे व्याज बसत नाही.

"भरणारा वेडा ठरतो" हेही खरं नाही. २०१९ च्या महात्मा फुले योजनेत नियमित भरणाऱ्यांनाही ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन होतं.

पट्टी मिळाली की त्याच दिवशी वाटे करा :
✅ आधी सोसायटी/बँक
✅ मग पुढचं बियाणं-खत
✅ मग घरखर्च
लग्नकार्य, मोबाईल, गाडी उरलेल्यातून.

मुदतीची तारीख आजच सोसायटीच्या सचिवांना विचारा, वहीत लिहून ठेवा.

– आपला कृषी सल्लागार