तेल, तूप आणि धुपाटणे

दिवाळी जवळ आली की आमच्या लोकांना श्रीमंतांच्या गोष्टी सांगण्याची उबळ येते. आपल्या घरी लक्ष्मी यायची तेव्हा येईल; तोवर दुसऱ्याच्या लक्ष्मीच्या अंगावरचे दागिने मोजत बसावे, हा आमचा जुना फराळ! त्यातून अरबस्तानचा विषय निघाला तर विचारूच नका. ‘तिथे काय, जमिनीत काठी खुपसली की तेल येते आणि शेख लोक बसल्या जागी नोटा मोजतात!’ हे वाक्य मी न्हाव्याच्या दुकानात ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले आणि शिक्षकांच्या खोलीतही ऐकले. ते खोटे तर आहेच. पण घातकही आहे, असे माझे स्वच्छ म्हणणे आहे.

उदाहरणाला कुवेत घेऊ. परका म्हणावा तर तितका परका नाही. १९६१ सालापर्यंत तिथे आपलाच रुपया चालत होता. त्या साली कुवेतने स्वतःचा दिनार काढला, तेव्हा एका दिनाराला सव्वातेरा रुपयांच्या किंचित वर भाव होता. आज अडीचशेच्या वर मोजावे लागतात. त्याही आधी कुवेतच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. आखाताच्या तळातून निघालेले जे मोती आमच्या आज्या ‘बसऱ्याचे’ म्हणून नथीत मिरवीत, त्यांचा बाजार मुंबईतच भरे. पण ते मोती काढणारा पाणबुड्या मात्र कर्जात जन्मे आणि कर्जात मरे. बाप मेला तर त्याचे देणे मुलाच्या नावावर चढे. श्रीमंत होई तो पाण्यात उतरणारा नव्हे. गलबत आणि हिशेबाची वही ज्याच्या हाती, तो. पुढे जपानी कृत्रिम मोत्यांनी आणि जागतिक मंदीने हा धंदा बसला.

१९३८ साली बुरगान येथे तेल लागले. पहिले तेल १९४६ साली जहाजावर चढले. त्याच १९३८ सालची दुसरी गोष्ट आमचे लोक कधी सांगत नाहीत. व्यापारी घराण्यांनी त्या वर्षी राज्यकारभारात वाटा मागितला, एक मंडळ निवडले, आणि सहा महिन्यांच्या आत शेखांनी ते मोडून टाकले. नंतर पैशाचा पूर आला तेव्हा जणू न लिहिलेला करार झाला: राज्य सबाह घराण्याने करावे, व्यापार व्यापाऱ्यांनी करावा.

आता गंमत पाहा. कुवेतची १९६२ ची राज्यघटना सांगते की जमिनीखालची सारी संपत्ती राज्याची. १९७५ साली तेलकंपनीही पूर्णपणे सरकारची झाली. म्हणजे तिथल्या कोट्यधीश व्यापाऱ्याच्या मालकीचा तेलाचा एक थेंबही नाही! मग तो कोट्यधीश झाला कशाने? तेलाचा पैसा ज्या वाटेने खर्च होतो त्या वाटेवर उभे राहण्याने. पन्नाशीच्या दशकात सरकारने जुन्या शहरातल्या जमिनी चढ्या भावाने विकत घेतल्या. ज्यांच्याजवळ जमिनी होत्या त्यांची घरे भरली. परदेशी कंपनीला माल विकायचा तर स्थानिक दलाल हवा, हा कायदा दशकानुदशके चालला. अल्घानिम घराण्याकडे जनरल मोटर्सच्या मोटारींची एजन्सी आली. अल्शाया घराण्याकडे स्टारबक्सची कॉफी आली. खराफी घराण्याने बांधकामाची कंत्राटे घेतली. ‘फोर्ब्स’ मासिकाच्या अब्जाधीशांच्या याद्यांत अल्घानिम आणि खराफी ही नावे झळकली. देशाचा अमीर मात्र त्या यादीत नसतो, कारण गादीमुळे आलेली संपत्ती तिथे धरत नाहीत. ही माणसे कर्तबगार नाहीत असे मी म्हणत नाही. पण तेल राज्याचे आणि तूप मधल्या माणसाच्या पोळीवर, हा त्या श्रीमंतीचा खरा अर्थ आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘अहो मास्तर, पण त्यांनी आपल्या प्रजेला तर सुखात ठेवले!’ ठेवले, मी नाकारीत नाही. शाळा फुकट, दवाखाना फुकट, मिळकतीवर कर नाही. १९५३ साली, आपला देश अजून ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली असताना, त्यांनी शिल्लक पैसा गुंतवण्यासाठी लंडनमध्ये मंडळ बसवले. १९७६ साली पुढच्या पिढ्यांसाठी निराळा निधी काढून उत्पन्नाचा दहावा हिस्सा त्यात टाकायला सुरुवात केली. १९९० साली इराकने कुवेत गिळले, तेव्हा परागंदा सरकारला याच गंगाजळीने तारले. नातवंडांसाठी पैसा राखणाऱ्या माणसाला ‘बसल्या जागी नोटा मोजणारा’ म्हणणे हा निव्वळ मत्सर आहे.

पण ‘प्रजा’ म्हणजे कोण? कुवेतमध्ये राहणाऱ्या दर तीन माणसांतला साधारण एकच नागरिक आहे. तिथेच जन्मूनही कोणत्याच देशाचे न ठरलेले ‘बिदून’ लाखाच्या घरात आहेत. आणि उरलेले? त्यांत सर्वांत मोठी संख्या आपल्या लोकांची, सुमारे दहा लाख. परवानगीच्या कागदावर ज्या मालकाचे नाव, त्याच्या मर्जीवर त्यांचा मुक्काम. घरकाम करणाऱ्या परदेशी बाईला महिन्याला निदान ६० दिनार द्यावेत, असे सरकारने २०१६ साली ठरवले. आखातात असे करणारा हा पहिला देश, म्हणून त्याचे कौतुकही झाले. आणि ते योग्यच होते. पण त्याआधीची वर्षे कोणत्या दराने गेली असतील, याचा विचार करा! १२ जून २०२४ रोजी मंगाफ गावातल्या कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. एकाच इमारतीत दोनशेच्या आसपास माणसे राहत होती. पन्नासेक मेली; त्यांतली बहुतेक भारतीय होती. तेल कोणाचे, तूप कोणाला, हे वर सांगितले. धुपाटणे कोणाच्या हाती आले, तेही आता सांगायला नको.

‘काठी खुपसली की तेल येते’ हे वाक्य मी घातक म्हणतो ते यासाठी. ज्या मुलाच्या कानावर ते लहानपणापासून पडते, तो एजंटासमोर बसला की करारावरचा पगार वाचीत नाही, राहण्याची जागा विचारीत नाही. पासपोर्ट कोणाच्या कपाटात राहणार, हेही विचारीत नाही. पैसा तिथे वाहतोच आहे, आपण फक्त ओंजळ धरायची, असे त्याला वाटते. ओंजळ धरणारे निराळे आणि घागरी वाहणारे निराळे, हे त्याला आपणच सांगितलेले नसते. त्याने जाऊ नये असे मी म्हणत नाही. त्या घामाच्या पैशावर कितीक घरांच्या भिंती उभ्या राहिल्या, मुलींची लग्ने झाली, भावंडे शिकली. त्याने जावे, पण डोळे उघडे ठेवून जावे.

आणि कुवेतला हसण्याआधी जरा आपल्या शहरातही फिरून यावे. जमीन, दलाली आणि कंत्राट या तीन पायऱ्यांनी माडीवर गेलेली माणसे शोधायला समुद्र ओलांडावा लागत नाही.

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. वहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. श्रीमंतांच्या याद्या छापणारे जमेची बाजू तेवढी छापतात. या वर्षी हळदकुंकू वाहताना दुसरी बाजूही वाचावी, आणि शेजारी बसलेल्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवावी.