फ्लूचा रकाना आणि आपला शिक्का

दिवाळी जवळ आली की बोर्डिंगचे फॉर्म आपल्या टेबलावर येऊन पडतात. यंदा वाचकांच्या पत्रांत तक्रार एकच आहे: फॉर्मात ‘इन्फ्लुएन्झा लस, दिनांक’ असा रकाना असतो आणि तो रिकामा दिसला की कुत्रा घेत नाहीत. फॉर्म उघडउघड अमेरिकेतून उचललेला; एकात तर ‘झिप कोड’ खोडायचेही कुणाला सुचलेले नाही.

ही लस आपल्या वितरकांकडे मिळत नाही. मग रकाना भरतो कसा? काही मंडळी डीएचपीपीआयची तारीख टाकून मोकळी होतात! त्यातला पॅराइन्फ्लुएन्झा हा पॅरामिक्सोव्हायरस, एच3एन2शी त्याचे काही नाते नाही, हे शिक्का मारणाऱ्याला पक्के ठाऊक असते. गर्दीत वाद नको, एवढेच. पण उद्या तिथली कुत्री खोकू लागली की मालक तेच कार्ड घेऊन आपल्या दारात उभा राहील.

अमेरिकेत 2004 मध्ये फ्लोरिडाच्या शर्यतीच्या ग्रेहाउंडमध्ये घोड्यांकडून आलेला एच3एन8 सापडला, 2015 मध्ये शिकागोत एच3एन2 पसरला. तरी तिथेही ही कोअर लस नाही. डे-केअर, शो, शेल्टरमधल्या कुत्र्यांना ती देतात. संसर्ग टळेलच असे नाही, आजार सौम्य होतो.

कुत्रा मालकाबरोबर न्यू जर्सीला निघाला असेल तर मात्र आधीच सांगा: तिथे उतरल्यावर दोन डोस, मध्ये दोन ते चार आठवडे, तोवर बोर्डिंग विसरा. सीडीसीच्या ऑगस्ट 2024पासूनच्या नियमांत फ्लू नाहीच. मायक्रोचिप आहे, तीही रॅबीजच्या लसीआधी बसवलेली. हा क्रम चुकला की लस पुन्हा, टायटर पुन्हा, तिकीट पुढे.

इथल्या कुत्र्याच्या कार्डावर लेप्टोचा वार्षिक बूस्टर आधी बघा. जिथे रोग कायम आहे तिथे वॉसाव्हाने 2024 मध्ये लेप्टो कोअर ठरवली. मुंबई-कोकणात शंकेला जागाच नाही. कार्डावर ती गायब, आणि वॉसाव्हा ज्याची शिफारसच करत नाही तो कोरोनाचा स्टिकर दरवर्षी हजर!

तेव्हा रकान्यावर आडवी रेघ मारा, ‘उपलब्ध नाही’ लिहा, सही करा. बोर्डिंगवाल्याला फोन करून नाकातली केनल कफची लस आणि खोकणाऱ्याला वेगळी खोली, एवढे मागा. तरीही साथ आलीच तर पहिल्या तीन-चार दिवसांत स्वॅब घेऊन पीसीआरला पाठवा, अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर नव्हे. रिपोर्ट काहीही येवो, गाव, तारीख आणि कुत्र्यांची संख्या आम्हाला कळवा. मालकाचे नाव नको.