खांद्याच्या ऑपरेशनआधी हाडांची ताकद पाहा

हात वर जात नाही, केस विंचरता येत नाहीत, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, अशा तक्रारी घेऊन पन्नाशी-साठीचे बरेच रुग्ण माझ्याकडे येतात. हातात एमआरआयचा रिपोर्ट असतो : 'रोटेटर कफ फाटला आहे'. "डॉक्टर, दुर्बिणीने ऑपरेशन होईल ना?" हा प्रश्न ठरलेला. "माझी हाडे ते पेलतील ना?" असे मात्र क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते हा प्रश्न आधी विचारायला हवा.

खांद्याच्या सांध्याभोवती चार स्नायू असतात. त्यांना दंडाच्या हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोऱ्यांना कंडरा म्हणतात. या चार कंडरांचे वेष्टन म्हणजे रोटेटर कफ. वयोमानाने झिजून किंवा पडल्यामुळे कंडरा हाडापासून सुटते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हाडाच्या माथ्यात बारीक अँकर बसवून त्यांच्या धाग्यांनी ती पुन्हा बांधतात. म्हणजे सारी मदार हाडावर! भुसभुशीत भिंतीत ठोकलेली खुंटी हलते, तसेच येथेही होऊ शकते. शिवाय बांधलेली कंडरा पुढे हाडाला जडावीही लागते.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण कोरियातील एका अभ्यासात, कंडरा न जडण्यामागे हाडांचा ठिसूळपणा हे एक स्वतंत्र कारण आढळले. कंडरा किती मागे ओढली गेली आहे आणि स्नायूत किती चरबी साठली आहे, हीही कारणे होतीच.

म्हणून पाळी गेलेल्या स्त्रिया, साठीपुढील पुरुष, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे व किरकोळ पडण्याने हाड मोडलेले, यांनी ऑपरेशनची तारीख ठरण्यापूर्वी डॉक्टरांशी डेक्सा तपासणीबद्दल बोलावे. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास हाडे ठिसूळ समजतात. शिबिरात टाचेवर यंत्र लावून होणारी तपासणी ही केवळ चाळणी होय. ती डेक्साची जागा घेऊ शकत नाही.

हाडे ठिसूळ निघाली म्हणून ऑपरेशन होणारच नाही, असे मुळीच नाही. सर्जन अँकरची जागा व संख्या त्यानुसार ठरवू शकतात. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व गरजेप्रमाणे औषधे सुरू करता येतात. झिजेमुळे फाटलेल्या कंडरेत बहुधा घाई नसते. व्यायामोपचारानेही पुष्कळांना आराम पडतो. मात्र पडल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, तर तपासणीपायी दिवस घालवू नयेत, लगेच डॉक्टर गाठावा.

ऑपरेशनसाठी घरची पुंजी मोडणारी माणसे मी पाहतो. त्या खर्चापुढे डेक्साचा खर्च थोडाच आहे. वाचकहो, दुर्बीण कितीही चांगली असली तरी हाड तुमचेच असते. त्याची चौकशी आधी करा.