स्टॅम्पपेपरवर नाते सुटत नाही

हावडा-मुंबई लोहमार्गावर रायपूर आणि दुर्ग या दोन शहरांच्या दरम्यान भिलाई-3 हे स्थानक आहे. शेजारी चरोड्याचे विस्तीर्ण रेल्वेयार्ड आणि थोड्या अंतरावर, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेला पोलाद कारखाना. या दोहोंच्या आधाराने देशभरातील कुटुंबे या परिसरात स्थिरावली. त्यांत मराठी घरेही आहेत. नोकरीच्या गावात संसार मोडू लागतो तेव्हा समजूत घालणारे वडीलधारे दूर असतात, राहते क्वार्टर एकाच्याच नावावर असते आणि निर्णय घाईने होतो. घाईचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्टॅम्पपेपर.

छत्तीसगढमध्ये याला ‘छोड-छुट्टी’ म्हणतात. मराठीतल्या काडीमोडीचे आणि सोडचिठ्ठीचे हे जवळचे नातलग. चार पंच जमतात, दोघे सही किंवा अंगठा करतात, नोटरीचा शिक्का उमटतो आणि विवाह संपला असे सारे धरून चालतात. कायदा मात्र तसे मानत नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 29 ने रूढीने मिळणाऱ्या घटस्फोटाला मान्यता दिली आहे. पण तशी रूढी आपल्या समाजात खरोखर प्रचलित आहे, हे ती सांगणाऱ्याने पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. 2002 मध्ये यमनाजी जाधव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. अनुसूचित जमातींना हा कायदा सरसकट लागू नाही, त्यांचा व्यवहार त्यांच्या रूढीनुसार चालतो. इतरांसाठी मात्र पाचशे रुपयांचा स्टॅम्पपेपर हा केवळ कागदच.

या गैरसमजाची किंमत बहुधा स्त्रीला मोजावी लागते. समजा, अशा कागदावर विसंबून एखाद्या कामगाराने दुसरा संसार थाटला. त्याच्या मृत्यूनंतर निवृत्तिवेतनाच्या खिडकीसमोर दोन स्त्रिया उभ्या राहतात. पहिलीने आपण वेगळ्या झालो असे मानून कधी पोटगी मागितलेली नसते. दुसरीचा विवाह कायद्याच्या लेखी झालेलाच नसतो. दुसरीच्या मुलांना कलम 16 चे संरक्षण आहे, तिला स्वतःला मात्र पत्नीचा दर्जा नाही. फसवणूक कोणी केलीच असे नाही; तरीही दोघी फसल्या.

वास्तविक, ज्यांना आज एकत्र राहणे अशक्य आहे पण घटस्फोटाचा निश्चय झालेला नाही, त्यांच्यासाठी याच कायद्याच्या कलम 10 मध्ये न्यायिक फारकतीची तरतूद आहे. तिच्यात विवाह कायम राहतो, सहवासाचे बंधन तेवढे सुटते. पुनर्विवाह करता येत नाही आणि वारसाहक्कही संपत नाही. समेट झाल्यास न्यायालय हुकूम रद्द करू शकते. एक वर्षात सहवास पुन्हा सुरू झाला नाही, तर दोघांपैकी कोणालाही घटस्फोट मागता येतो. इतकेच नव्हे, घटस्फोटाच्या अर्जावरही बहुतेक कारणांच्या बाबतीत न्यायालय फारकतीचा हुकूम देऊ शकते. विचाराला अवधी देणारा हा मार्ग आपल्याकडे उपेक्षित राहिला, कारण आपल्या समाजाला ‘नांदते’ आणि ‘सोडलेली’ या दोनच अवस्था ठाऊक आहेत.

न्यायालयात वर्षे जातात, पंच एका दिवसात मोकळे करतात, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. पोटगीविषयी दिशादर्शक ठरलेला ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा खटला याच लोहमार्गावरील नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेला. 2013 मधील अंतरिम पोटगीचा वाद 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. मात्र त्या निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे. पंचांसमोर पतीचा पगार किती, हे कोणी शपथेवर विचारत नाही. एका दिवसात मिळणारी मोकळीक बहुधा अशा न विचारलेल्या प्रश्नांवरच उभी असते.

म्हणून शहाणपण कशात आहे, ते सांगायला हवे. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. पगारपत्रके, बँकेची पासबुके, विम्याची कागदपत्रे यांच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात. स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे. दागिन्यांची यादी करावी. क्वार्टर कंपनीचे किंवा रेल्वेचे असल्यामुळे आपला काहीच हक्क नाही, असे मानू नये. छळ होत असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यान्वये दंडाधिकारी पर्यायी निवासाचा किंवा भाड्याचा आदेश देऊ शकतात. जिथे मारहाण आहे तिथे समेटाच्या बैठकीआधी सुरक्षितता. वकिलाची फी परवडत नसेल, तर 1987 च्या कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. आणि मुलांना निरोप्या करू नये. आईने बाबांना काय सांगावे, बाबांनी आईला काय विचारावे, हे ओझे दहा वर्षांच्या खांद्यावर देणे हा दोन्ही पक्षांचा पराभव आहे.

शासनाचीही जबाबदारी उरतेच. मध्यस्थी हे कौटुंबिक न्यायालयाचे कर्तव्य असल्याचे 1984 चा कायदा सांगतो; ते समुपदेशकांच्या पुरेशा नेमणुकांविना पार पडणार नाही. विधी सेवा प्राधिकरणाची शिबिरे कामगार वसाहतींत भरली पाहिजेत आणि स्टॅम्पपेपरवरील घटस्फोट नोंदवताना नोटरीने त्याचे कायदेशीर मूल्य दोघांना समजावून दिले पाहिजे. पंचांनाही या व्यवस्थेत स्थान आहे. त्यांनी जरूर समजूत घालावी, देण्याघेण्याचा तंटा सोडवावा. आणि झालेली तडजोड घेऊन दोघांना दुर्गच्या कौटुंबिक न्यायालयात पाठवावे. भिलाई-3 पासून ते न्यायालय फार दूर नाही. तिथवर जाण्याचा कंटाळा केला, तर त्याचा हिशेब पुढे मुलांना चुकवावा लागतो.