आधी मीटर लावा, मग बॅटरी बदला

'भाऊ, गाडी सेल्फच घेऊन नाही राहिली, नवी बॅटरी टाकून दे.' चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यात मी गाड्यांचं वायरिंग, सेल्फ आणि डायनामोची कामं करतो. तेंदूपत्त्याचा हंगाम जवळ आला की जुन्या पिकअपवाल्यांकडून हे वाक्य फार ऐकू येतं. नवी बॅटरी म्हणजे काही हजार रुपये. भाड्याच्या फेऱ्यांवर घर चालवणाऱ्याला ते सोपे नाहीत. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की मीटरने मोजल्याशिवाय कोणी बॅटरी विकू नये आणि कोणी विकत घेऊही नये.

बॅटरी वीज साठवते, तयार करते तो डायनामो, म्हणजे अल्टरनेटर. घरातली ढोली रिकामी झाली तर आपण नवी ढोली आणत नाही, धान का आलं नाही ते बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र थेट ढोलीच बदलली जाते. मूळ दोष तसाच राहतो आणि काही दिवसांत नवी बॅटरीही बसते.

मोजायला वेळ फार लागत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर मीटर साधारण 12.6 व्होल्ट दाखवतं. 12.2 म्हणजे अर्धी उतरलेली, 12च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पण रिकामी बॅटरी खराबच असते असं नाही. तिला आधी बाहेरून पूर्ण चार्ज करावं आणि मग सेल्फ मारताना बघावं. तेव्हा व्होल्टेज साडेनऊच्या बरंच खाली कोसळत असेल, तरच बॅटरीवर शंका घ्यावी.

मग इंजिन चालू करून थोडी रेस द्यावी. आकडा 13.8 ते 14.4च्या दरम्यान यायला हवा आणि हेडलाइट लावल्यावरही तिथेच टिकायला हवा. तो 12वरच अडकला तर चार्जिंग होत नाही. अशा वेळी आधी पट्टा ढिला आहे का ते पाहावं, मग डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा. चावी फिरवल्यावर तो पेटलाच पाहिजे. जुन्या गाड्यांत बहुधा त्याच दिव्यातून डायनामोला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला तर चांगला डायनामोही जागा होत नाही. त्यानंतर कार्बन, कटआऊट म्हणजे रेग्युलेटर, आणि डायोड तपासावेत.

डायनामोच्या बोल्टवर 14.4 आणि बॅटरीवर 13.4 मिळत असेल तर वीज वाटेत गळते आहे. पावसाळ्यात बांधीच्या चिखलातून फिरलेल्या गाडीची अर्थची पट्टी गंजते आणि टर्मिनलवर पांढरा थर चढतो. सॅण्डपेपर आणि पान्यानेही हे काम होतं. उलट आकडा 15च्या वर गेला तर कटआऊट बिघडलंय. मग पाणी उकळून उडतं आणि नवी बॅटरीही भाजून निघते. चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा पारा 45च्या पुढे नेतो. त्या उष्णतेत बॅटरीचं आयुष्य तसंही घटतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटरची पातळी उन्हाळ्यात वरचेवर बघायला हवी.

एक जुनी सवय मात्र पूर्ण बंद व्हायला हवी. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची आणि गाडी बंद पडते का ते बघायचं. अल्टरनेटरच्या गाडीत अशाने व्होल्टेज एकदम उसळतं. डायोड आणि कटआऊट जळू शकतात. शिवाय जुन्या डिझेल इंजिनात ही परीक्षा खोटीच ठरते. त्याला स्पार्क लागत नाही. डिझेलचा पंप यांत्रिक असेल तर चार्जिंग बंद असूनही गाडी धावत राहते. म्हणूनच हा दोष दिवसा कळत नाही. तो रात्री कळतो, मूलकडून किंवा गोंडपिपरीकडून जंगलातल्या रस्त्याने परतताना, दिवे पिवळे पडत जातात तेव्हा. रस्त्यावर रानडुक्कर, रोही, कधी वाघही असतो.

आणि ब्रेकचाही प्रश्न आहे. अनेक जुन्या डिझेल पिकअपमध्ये ब्रेकला जोर देणारा वॅक्यूम पंप डायनामोच्याच पाठीला बसवलेला असतो. पट्टा तुटला की चार्जिंगबरोबर तो जोरही जातो आणि भरल्या गाडीत ब्रेक दगडासारखा कडक होतो. पंपाची सील गळली तर तेल डायनामोत शिरून कार्बन खराब होतात. डायनामो उघडला असताना पंप न तपासणं म्हणजे काम अर्धंच सोडणं.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. पण रात्रभर चार्ज करून नेलेल्या बॅटरीवर त्या दिवशी दिवे लखलखीतच दिसणार. म्हणून त्या तपासणीत इंजिन चालू ठेवून व्होल्टेज मोजणं सक्तीचं करावं. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल आणि मोटर मेकॅनिकचे ट्रेड शिकणाऱ्या मुलांना हंगामाआधी आठवडी बाजाराच्या दिवशी मीटर घेऊन बसवावं. मुलांचा हात बसेल, गाडीवाल्यांचे पैसे वाचतील आणि शिशा-आम्लाची चांगली बॅटरी अकाली भंगारात जाणार नाही.

आम्हा कारागिरांनी बिलावर तीन आकडे लिहावेत: गाडी बंद असताना, सेल्फ मारताना आणि चार्जिंग चालू असताना. मालकांनी ते मागून घ्यावेत. साधं मीटर काही शे रुपयांना मिळतं. स्टेपनी आणि जॅकसोबत ते प्रत्येक पिकअपमध्ये असावं आणि पहिलं मोजमाप गाडी चालवणाऱ्याने स्वतःच करावं. आकडा माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला नको असलेली बॅटरी विकणं कोणालाही जड जाईल.