सोंड्याची बाजू

कपाशीच्या पानाच्या कडा कातरलेल्या दिसल्या की आमच्या मेहकर भागात दोन गोष्टी ठरलेल्या: शेजाऱ्याचा सल्ला आणि पाठीवर पंप.

आरोपी सापडतोही लगेच. तांदळाच्या दाण्याएवढा, अंगाला राख फासल्यासारखा, आखूड सोंडेचा भुंगेरा. झाडाला धक्का लागला की पाय आखडून खाली पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो. हाच करडा सोंड्या; शास्त्रज्ञांचा मायलोसेरस. २००२ साली बीटी कपाशी आली ती बोंडअळीसाठी. तिचं विष याला बाधत नाही, म्हणून ‘बीटीवरही कीड’ अशी ओरड.

म्हणे, कातरलेलं पान म्हणजे बुडालेलं पीक. साफ चूक. तो कडेकडेने नागमोडी खाचा पाडत खातो. बोंडाला सहसा तोंड लावत नाही. जोमात वाढणारी पऱ्हाटी एवढं सहज सोसते. कोवळ्या रोपाची मुळं त्याच्या अळ्या खातात आणि रोप सुकतं, हे मान्य. पण अळी मातीत, फवारा पानावर. मग मारलं कुणाला?

दुसरी भीती, मोकळा सोडला तर माजेल. बोरी-बाभळींवर तो पिढ्यान्‌पिढ्या आहेच की! पाखरं, कोळी त्याला खातात. सेर्सेरिस या एकांड्या गांधीलमाशीच्या कित्येक जाती तर सोंड्यांनाच डंख मारून लुळे करतात आणि जमिनीतल्या बिळात पिलांसाठी साठवतात. माजला तो परमुलखात. त्याचा श्रीलंकेकडचा भाऊबंद २००० साली अमेरिकेत फ्लोरिडात आढळला आणि दीडशेहून अधिक झाडांवर पसरला. आपण मात्र घरचे पहारेकरी स्वतःच्या हाताने मारतो. ढालकिडे, क्रायसोपा हे पहारेकरी गेले की मावा, पांढरी माशी उसळते, अन् दुसऱ्या फवारणीची चिठ्ठी तयार. फवारणी माणसालाही सोडत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते काही दूरचं नाही.

‘निसर्गातला प्रत्येक जीव आपल्या उपयोगाचा’ हे गोड बोलणंही मला पटत नाही. सोंड्या आपल्यासाठी जन्मला नाही. तो पान खातो, त्याला कुणी खातं. एवढ्यावर बांधावरच्या बऱ्याच चुली पेटतात.

तेव्हा पंप भरण्याआधी पाच-दहा झाडांखाली फडकं धरून ती हलवा आणि पडलेले सोंडे मोजा. मग ठरवा.